फुलाच्या जागी चौगुले सर

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या ग्रामपंचायतीचेही अध्यक्ष श्री. लखू मिराशी, एवढ्या पावसात तालुक्याहून आलेले शिक्षणाधिकारी साहेब, बळेबळे या मोठ्या खुर्चीत बसवलेले आणि तेव्हापासून अवघडलेले आपले सत्कारमूर्ती श्री. मारुती चौगुले सर आणि सौ. चौगुले वहिनी, माझे सहकारी शिक्षक, कुंभारवाड्यापासून दिग्गीपर्यंतच्या वाड्यांवरून इरली घेऊन आलेल्या माताभगिनींनो, पालकहो, आणि माझ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

पत्र्यावर पाऊस असा वाजतोय, की माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो की नाही देव जाणे. पोचत नसेल तर मागच्यांनी हात वर करावा. पुढच्यांचं बघून उगाच टाळ्या वाजवू नयेत. साहेबांना साडेचारची गाडी गाठायची आहे आणि ती चुकली तर दुसरी उद्याच, म्हणून थोडक्यात बोला असं मला बजावलेलं आहे. पण चौदा वर्षं मी या शाळेचा मुख्याध्यापक आहे. थोडक्यात बोलणं मला कधी जमलं आहे का? तुम्हीच सांगा.

आज जूनची तीस तारीख, सन एकोणीसशे शहाण्णव. आज चौगुले सर सेवानिवृत्त होतात. गेला आठवडाभर गावात एकच प्रश्न फिरतो आहे आणि तो सरांच्या निवृत्तीवेतनाचा नाही. प्रश्न असा, की आठवीतली केशर येत्या आठ तारखेला कारवारच्या फुटबॉल शिबिराला जाणार की नाही? सर नाहीत म्हटल्यावर तिला पाठवायचं कसं? केशरची आई परवा भर पावसात माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारून गेली. उत्तर मी आज देणार आहे. पण त्या उत्तराला मागची गोष्ट आहे, आणि ती मला सांगितलीच पाहिजे.

सर आले ते त्र्याऐंशी साली. अथणीकडचे. ज्वारीच्या मुलखातला माणूस, आमच्या जंगलात आला तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या ट्रंकेतल्या कपड्यांना बुरशी आली. क्रीडाशिक्षक म्हणून नेमणूक, आणि मैदान म्हणाल तर शाळेमागचा तो उतार. चेंडू खाली गेला की ओढ्यात. म्हणून मुलं बहुतेक कबड्डीच खेळायची, मुली कडेला उभ्या राहून बघायच्या. एकदा चेंडू उताराला लागला आणि शेणाची बुट्टी डोक्यावर असलेल्या एका मुलीनं बुट्टी न सांडता तो पायानं अडवला, वर टोलवला आणि चालू लागली. सर माझ्या खोलीत धावत आले. "हेडसर, बघितलासा काय?" मी म्हटलं, "काय बघू? शेण?"

माझी अक्कल तेव्हा एवढीच होती.

सरांनी एका जुन्या नकाशाच्या पाठीमागे पाच पायऱ्या काढल्या. पहिली पायरी वाडीतलं अंगण. दुसरी शाळेचं मैदान. तिसरी तालुक्याचे सामने. चौथी कारवारचं शिबिर. पाचवी बेंगळूरचं क्रीडा वसतिगृह. प्रत्येक मुलीचं नाव पेन्सिलीनं. दर शनिवारी भिंतीवर कोळशानं वर्तुळ काढायचं आणि डाव्या पायानं दहात किती बसतात ते लिहायचं. कोण कुठल्या महिन्यात कितीनं सुधारली, कुणाचा दम कुठं संपतो, सगळं. सुगी झाली की भाताच्या कापलेल्या शेतात सराव. खुंटं टोचायची, पण पोरी अनवाणीच पळायच्या. मी त्या नकाशाला हसायचो. पेन्सिलीनं का लिहिता, विचारलं तर म्हणाले, "नाव वर न्यायला खोडावं लागतंय की."

नावं वर जायची. पण चौथ्या पायरीवर अडायची. पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी. तीन वर्षं तीन मुली तालुक्यातून निवडल्या गेल्या आणि तिघीही कारवारला गेल्या नाहीत. का? आम्हा दोघा शहाण्यांनी ठरवून टाकलं, की पालक मागासलेले. मुलीनं चड्डी घालून खेळणं यांना पटत नाही. मग काय, आम्ही वाड्यांवर जाऊन व्याख्यानं द्यायला लागलो. स्त्रीशिक्षण काय, देशाची प्रगती काय! मी तर अंगणात उभा राहून पाऊण-पाऊण तास बोलायचो. लोक ऐकून घ्यायचे, गूळपाणी द्यायचे, माना डोलवायचे. मुलगी काही यायची नाही.

अठ्ठ्याऐंशी साली फुलाची निवड झाली. वरच्या वाडीच्या पुतळीबाईंची फुला. आज मायलेकी दोघी समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. फुला, मान वर कर बघू. धारवाडला मुलींना फुटबॉल शिकवणारी बाई अशी लपते काय?

तर आम्ही पुतळीबाईंच्या अंगणात गेलो. मी घसा साफ केला आणि स्त्रीशिक्षणाला हात घातला. बाईंनी मला अर्ध्यावर थांबवलं. म्हणाल्या, "मास्तर, खेळाला आमची ना न्हाई. पोरगी पळती त्ये आमाला बी बरं वाटतंय. पन लावनीला हात कोन देनार?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. इथं बसलेल्यांना हे सांगायला नको, पण साहेबांसाठी सांगतो. आमच्याकडे भाताची लावणी सावडीनं होते. माझ्या घरचे तीन हात तुझ्या शेतात, उद्या तुझ्या घरचे तीन माझ्या शेतात. वाडीतली सगळी शेतं अशी फिरत फिरत दहा-अकरा दिवसांत लावून होतात. कारवारचं शिबिर नेमकं त्याच दिवसांत. घरातली मुलगी गेली की एक हात कमी. मग वाडीला तोंड कसं दाखवायचं? एवढी साधी गोष्ट. तीन वर्षं आम्हाला ती कुणी सांगितली नाही. सांगायची काय, लहान पोराला सुद्धा ठाऊक असलेली गोष्ट मास्तरांना ठाऊक नसेल असं कुणाच्या ध्यानातच आलं नाही!

सर म्हणाले, "मजूर लावून देतो."

"पैशाचा गडी सावडीत चालत न्हाई," बाई म्हणाल्या. "हात आपुलकीचा पायजे."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सरांचा रजेचा अर्ज. कारण, भाताची लावणी. मी भडकलो. म्हटलं, "सर, तुमचं शेत अथणीला. तिथं भात पिकतंय होय?" सर म्हणाले, "हेडसर, फुलाच्या जागी मी उभा राहतो. कारवारला तिला तुम्ही घेऊन जावा." मी कपाळावर हात मारला. ज्याला खेळ कळतो तो चिखलात, आणि ज्याला कळत नाही तो शिबिरात! पण मुलगी एकटी पाठवायची कशी? आमच्या सौभाग्यवतींना, विमलबाईंना, बरोबर घेतलं आणि निघालो अणशीच्या घाटानं.

कारवारला प्रशिक्षकांनी मला कन्नडमध्ये विचारलं, "इवळु एल्लि आडताळे?" म्हणजे ही कुठं खेळते? मी ताठ मानेनं उत्तर दिलं, "शाळेच्या मागे." हसू नका. त्यांना जागा विचारायची होती, पुढं खेळते का मागं खेळते. त्यांनी ‘मागे’ एवढंच ध्यानात घेतलं आणि फुलाला बचावाला उभं केलं. आमची फुला डाव्या अंगानं चेंडू घेऊन पळणारी. दोन दिवस ती खांबासारखी मागं उभी. मोठ्यांसमोर बोलायचं नाही ही आमचीच शिकवण, मग ती बोलणार कशी? तिसऱ्या दिवशी विमलबाई मला म्हणाल्या, "तुमी नुसतं छत्री धरून बसा." आणि पदर खोचून थेट मैदानात गेल्या. प्रशिक्षकांना काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही. पण दुपारी फुला डावीकडं पुढं खेळली. खेळातलं मला काही कळत नाही, तरी मी उभा राहिलो होतो आणि छत्री केव्हा मिटली ते मला कळलं नव्हतं. शेवटच्या दिवशी यादी वाचली. पहिलं नाव फुलाचं.

गाडीतून उतरलो तो तसाच वाडीवर गेलो. शेतात दहा-बारा बाया ओळीनं वाकलेल्या आणि त्यांच्यात एक धोतर मांडीपर्यंत खोचलेला माणूस, सगळ्यांच्या चार हात मागं राहिलेला. बाया त्याला चिडवत होत्या, "मास्तर, आज येतासा का उद्या?" मी बांधावरून ओरडलो, "सर, निवड झाली! बेंगळूर!" सर सरळ झाले नाहीत. हातात तरव्याच्या रोपांची मूठ होती, ती लावून संपवली. मग वाकूनच विचारलं, "डाव्या पायानं मारला काय?"

मी म्हटलं, "हो."

"वर्तुळात बसला?"

काय सांगू? तिथं वर्तुळ नव्हतं, जाळी होती. मी हो म्हटलं.

पुतळीबाई मात्र बांधावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. अकरा दिवसांसाठी पोरीला सोडलं होतं आणि ती तीन वर्षांसाठी निघाली होती. आम्हाला वाटलं, संपलं, आता ना म्हणणार. सर म्हणाले, "अक्का, पुढल्या सालाला बी मी येतो." बाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "माझं मी बगतो, मास्तर. वढून न्हेतो कसं बी. तुमी फुडच्या पोरीच्या घरला उबं ऱ्हावा."

मंडळी, ही बाई कधी शाळेत गेलेली नाही. माझी सगळी व्याख्यानं एका बाजूला ठेवा आणि हे एक वाक्य एका बाजूला.

तेव्हापासून सर आठ वर्षं आठ घरांच्या वतीनं लावणीला उभे राहिले. आठ मुली कारवारला गेल्या, तिघी बेंगळूरला. दर वर्षी सर चिखलात आणि मी शिबिरात. आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं आहे. एक्क्याण्णव साली जिल्ह्याच्या समारंभात मुलींच्या फुटबॉलचा शिल्पकार म्हणून शाल कुणाच्या खांद्यावर पडली? माझ्या. वर्तमानपत्रात मुलींच्या मधोमध छायाचित्र कुणाचं? माझं. मी दोन शब्द बोललो, चांगले अर्धा तास बोललो, आणि त्यात चौगुले सरांचं नाव एकदाच घेतलं, तेही शेवटी, घाईत. परत आलो तर सरांनीच शाळेत पेढे वाटले. त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की माझं काय? आणि मलाही एकदाही वाटलं नाही, की सर, यंदा तुम्ही जा. आठ वर्षं, मंडळी! मला लाज वाटते. आज या सगळ्यांसमोर सांगतो, मला फार लाज वाटते.

आठ मुली घडवणाऱ्या या माणसानं आपल्या एकाही मुलीला मोठ्या मैदानावर खेळताना बघितलेलं नाही. फुला राज्याच्या संघातून दोनदा खेळली, तेव्हाही बघायला बोलावणं मलाच आलं. कशी खेळली हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं. माझ्याकडून! जाळी आणि वर्तुळ ज्याला सारखंच, त्याच्याकडून.

सर, अशी मान खाली घालू नका. वहिनी, त्यांना जरा पाणी द्या.

आता केशरच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. बाई, केशर जाणार. तुमच्या घरचा हात कमी पडणार नाही. साहेब, गाडी गाठण्याआधी माझा एक अर्ज घेऊन जावा, आठ जुलैपासून अकरा दिवसांची रजा. कारण लिहिलं आहे, भाताची लावणी. वय छप्पन्न, कमरेचा भरवसा नाही, आणि वाडीच्या बाया मला काय काय बोलतील ते मी आत्ताच ऐकू शकतो. बोलू देत. अंगणात उभं राहून मी त्यांना पुष्कळ ऐकवलं आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, साहेबांनी घड्याळ बघणं थांबवलं, आपण सर्वांनी पावसाच्या आवाजावर माझा आवाज सोसला, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. सरांनी मात्र मला इतक्यात माफ करू नये. सरांनी आधी आठ तारखेला सकाळच्या गाडीत केशरच्या शेजारी बसावं, कारवारला जावं आणि आपली मुलगी खेळताना डोळे भरून बघावी. परत आल्यावर मला सांगावं, कशी खेळली. मी शेतात असेन.