दुखणं कुठे जाऊन पडलं

शिवणकामवाल्या बाई दवाखान्यात खोकल्याच्या औषधासाठी बसल्या होत्या. समोरच्या बाकावर नवराबायको, आणि मधे सहाएक वर्षांची मुलगी, फुटलेला गुडघा दोन्ही हातांनी झाकून बसलेली. बाईंची नजर भिंतीवर होती, पण कान तिकडेच.

"अहो, नर्स दोनदा परत गेली. पोर हात लावू देत नाही. तुमची भाची आहे, तुम्ही बोला काहीतरी."

"मराठी कळतं तिला. जपानहून आल्यापासून आपल्याशी बोलत नाही, एवढंच."

"मग जपानीत बोला. सहा महिने शिकताना माझं डोकं खाल्लंत ना?"

"पुस्तकात स्टेशन कुठे आहे ते होतं. गुडघा फुटल्यावर काय म्हणायचं ते नव्हतं."

"ताईंनी आत्ता फोनवर सांगितलं की. तिकडे 'दुखण्या, उडून जा' म्हणतात आणि लांब फेकून देतात."

"इथे? सगळ्यांदेखत?"

"वरातीत नाचताना नाही लाजलात ते."

मामाने घसा खाकरला. गुडघ्यावर हात फिरवल्यासारखं केलं.

"इताइ नो, इताइ नो, तोन्दे इके."

आणि मूठ झटकली ती थेट बाईंच्या दिशेने. मुलीची नजर मुठीमागोमाग आली आणि बाईंवर थांबली.

"आई गं," बाईंनी कोपर घट्ट धरलं. "अहो भाऊ, जरा बघून फेकत चला."

मुलगी बराच वेळ त्या कोपराकडे बघत राहिली. मग तिने गुडघ्यावरचे हात काढले.

"मामा," ती मराठीत म्हणाली, "अजून थोडं राहिलंय."