अकरावं गाणं

नाही, मला एक सांगा, उन्हाळ्याच्या नव्वद दिवसांत अठ्ठावन्न कार्यक्रम आणि उरलेल्या दिवसांत अख्खी नवी रेकॉर्ड, हे गणित ज्याने मांडलं तो शाळेत गेला होता का? मी नववीतच शाळा सोडली, म्हणजे गणितावर बोलायचा मला अधिकार नाही, पण नव्वदातून अठ्ठावन्न गेले की बत्तीस उरतात एवढं मलाही कळतं, आणि त्या बत्तीसातले चोवीस बसमध्ये गेले... बस म्हणजे काय, चाकांवरचं कपाट, खालच्या फळीवर मी, वरच्या फळीवर तुफान, आणि त्याचे लोंबते पाय माझ्या नाकासमोर. तुफान म्हणजे आमचा ड्रमवाला. त्याचे हात लोकांनी ऐकलेत, पायांशी गाठ फक्त माझी.

तुम्हाला वाटत असेल, एवढा गाजलेला बँड, मजा असेल यांची. बाहेर असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. मी बेस गिटार वाजवतो. फोटोत अगदी कडेला ज्याचं अर्धं डोकं कापलेलं असतं ना, तो मी. त्याची तक्रार नाही, मला मागेच बरं वाटतं. पण तुम्हाला सांगतो, सहा वर्षांत पहिल्यांदा मी एक गाणं लिहिलं होतं. साधंच, मला घरी जायचंय एवढंच त्यात. गायकाची दहा गाणी ठरलेली, माझं अकरावं. उन्हाळा संपायच्या आत झालं तर रेकॉर्डवर, नाही झालं तर वहीत.

आता हे बोलायचं कोणापाशी? मॅनेजरपाशी. तो एका वेळी दोन फोनवर बोलतो. त्याच्यासमोर जायला मला आठवडा लागला. वाक्य पाठ करून गेलो, अर्धं बोलून झालं, तेवढ्यात त्याने एक फोन छातीशी धरला आणि म्हणाला, "करू की. निवांत करू."

निवांत! खाटकाने बोकडाच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा हा माणूस निवांत म्हणतो.

आमची रेकॉर्डिंगची पद्धत ऐका म्हणजे कळेल. चौघं एकत्र कधी सापडतच नाहीत, म्हणून जो रिकामा असेल तो आपला भाग वाजवून जातो आणि रेकॉर्डिंगवाले काका नंतर सगळं एकावर एक चढवतात. लय सगळ्यांची एक राहावी म्हणून कानात ठोका देणारं यंत्र लावतात. तुफान ते लावत नाही. म्हणतो, मी यंत्राला शिकवीन, यंत्र मला काय शिकवणार? गायकही लावत नाही, का, तर तुफान लावत नाही. मी लावतो. पण मी लावून उपयोग काय?

एप्रिलमध्ये तुफानने माझ्या गाण्याचे ड्रम वाजवले. लागोपाठ चार दिवस मोठमोठी मैदानं गाजवून आलेला, हात अजून मैदानातच होते त्याचे. गाणं पेंगुळलेलं, दमल्याभागल्या माणसाचं, आणि वाजलं असं की वाटावं मागे कुत्रं लागलंय. मी मॅनेजरला म्हटलं, जरा हळू हवं होतं. तो म्हणाला, पुढच्या वेळी बघू ना, निवांत.

मे महिन्यात गायक आला. घसा बसलेला, खोकल्याचं औषध अर्धी बाटली पोटात. कानात फक्त माझा बेस, ड्रम ऐकायची तसदी कोण घेतो? डोळे मिटून एक ओळ म्हणायचा, आणि दुसरी येईपर्यंत माणसाने चहा पिऊन यावं. काकांनी दोन्ही एकावर एक चढवलं, आणि काय सांगू तुम्हाला... ड्रम घरी पोचून हातपाय धुऊन बसले, गायक अजून वाटेतच!

मग शेवटचा दिवस. सकाळी नऊला सगळे स्टुडिओत, अकराला बस, संध्याकाळी कार्यक्रम. गायकाला डॉक्टरने दुपारपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलेलं, त्याच्या गळ्यात पाटी. त्याचा मेहुणा, म्हणजे आमचा गिटारवाला, ती पाटी मोठ्याने वाचून दाखवत होता, जणू आम्ही सगळेच नववीतून सुटलेलो. काकांनी माझं गाणं पुन्हा लावलं, बंद केलं, चष्मा काढला. म्हणाले, "बाळा, हे काही जुळत नाही. दहाच देऊ या."

मी म्हटलं, बरं. दुसरं येतं काय मला?

तेवढ्यात गायकाने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. तू गा. मी मागे वळून पाहिलं, मागे भिंत. त्याने खाली रेघ मारली. मी म्हटलं, मला कोणी बघत असलं की आवाज फुटत नाही.

"एवढंच ना?" तुफान म्हणाला, आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग गायक, मग मेहुणा. काकांनी खुर्ची फिरवली, हात मागे करून बटणं चाचपत. आणि मॅनेजर... त्या माणसाने दोन्ही फोन बंद केले हो, आणि दाराकडे तोंड केलं. चार माणसं आणि एक खुर्ची, शिक्षा केल्यासारखी. मी गायलो, ड्रम नाही, नुसता माझा बेस. एकदाच. इतक्या बारीक आवाजात, की काकांनी सगळं वाढवलं आणि माझं आवंढा गिळणंही त्यात आलं.

काका एवढंच म्हणाले, "झालं." तुफान भिंतीकडे बघतच नाक पुसत होता.

रेकॉर्ड निघाली. दहा गाणी राहिली बाजूला, जिकडेतिकडे अकरावंच. आईचा फोन आला, म्हणाली, ऐकलं रे गाणं, छान आहे, मग येतोस कधी? मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, गाणं एवढं चाललंय, दौरा अकरा महिन्यांनी वाढवलाय, सुट्टीचं निवांत बघू.

आता रोज संध्याकाळी मला पुढे उभं करतात, तोंडावर उजेड. भिंतीकडे तोंड करायला चाळीस हजार लोकांना कसं सांगणार? मी डोळे मिटून म्हणतो, मला घरी जायचंय. तेही सगळे माझ्याबरोबर म्हणतात, काही तर रडतात. मग गाणं संपतं, दिवे लागतात, आणि मी सोडून सगळे घरी जातात.