पाठीला बांधायचा भोपळा

—न्हाय न्हाय, गवऱ्या आमच्या होडीतल्या वरच्या फळीवर ठेव, केराबाई, खाली पानी साचतंय. बेटावर नुसती वाळू, काटकी मिळायची न्हाय, अन् सोलापूरच्या गिरनीतल्या त्या सायबाला बदकं मारून आला की लगीच चहा लागतोय म्हनं. गवऱ्या भिजल्या तर फुकत बसशील डोळं लाल करून—मग आमच्या मालकाला तुझी दया ईल. त्यास्नी लई लौकर येती दया. माझी? माझी कशाला ईल, मी काय नवी हाय?

काय म्हन्लीस—खाली ठेवाया कुनी सांगितलंय? बया! लगीन होऊन आले तवापास्नं नवऱ्याचं नाव मी तोंडातनं काडलं न्हाय, अन् तू माझ्या दारात हुबी ऱ्हाऊन गूळ खाल्ल्यागत घेतीस. सैपाकाला बाई पायजे म्हनल्यावर सायबाला तुझंच नाव कुनी सांगितलं, ठावं हाय मला. मी म्हन्लं, मी येते—तर म्हन्ले, शेरडं कोन बगंल. शेरडं!

बरं, आयक. पेट्रोलचं डबं होडीच्या मागल्या टोकाला, यंत्रापाशी ऱ्हातील—चूल तितनं पार लांब मांड, वाळूत खड्डा करून. येक ठिणगी उडाली तरी होडी जाईल. अन् हा भोपळा पाठीला आवळून बांध, होडीत पाय ठेवायच्या आदी. पवाय येत न्हाय न्हवं तुला? मला येतंय. त्यांनीच शिकवलं, हनुवटीखाली हात धरून, लगीन नवं हुतं तवा. तुला बी शिकवतो म्हन्ले? मग लाजतीस कशाला?

भोपळ्याचं काय काम, होडीत ते हाईत की, म्हन्तीस?

व्हय. हाईत की. तू पडलीस तर उडी घेतील—धोतर बी सावरायचं न्हाईत, मी वळखते त्यास्नी. अन् तू गळ्याला मिठी मारशील. बुडतं मानूस सोडतंय व्हय? भोपळ्यात पानी शिरलं तर दोगं बी जाल तळाला—दोगं बी.

...आन तो भोपळा हिकडं. आन म्हन्ते न्हवं. बुडाला भेग हाय त्याच्या. दिसू नगं म्हनून वर मेन फासलंय. मीच फासलंय, सकाळी.

बगतीस काय आशी? हा घे, माझा हाय, धड हाय. नीट बांध. पाया पडू नगंस माझ्या, तुझ्यासाठनं देत न्हाय—माझ्या कुकवासाठनं देतीया. जा आता.