खोटं वायफाय

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या. शिंपीणबाईंना नको म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

"ताई, कुणीतरी एक छोटं यंत्र लपवून आमच्या ऑफिसच्याच नावाचं खोटं वायफाय सुरू केलं होतं. लोक फसून त्यालाच जोडले जात होते."

"मग शोधलं कुणी?"

"त्या नव्या मुलीनं. लॅपटॉप घेऊन टेबलाटेबलापाशी फिरली. सिग्नल जिकडे वाढेल तिकडे जायचं. साहेब तिच्या मागे मागे."

"तुला का एवढं झोंबलं?"

"इतकी वर्षं नेटवर्क मी सांभाळलं. ती आली, आणि सगळे तिलाच विचारायला लागले. वाटलं, एकदा तरी तिची फजिती व्हावी."

"म्हणजे ते यंत्र..."

"माझ्या खणात होतं."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला, पण त्या उठल्या नाहीत.

"मग?"

"ती माझ्या टेबलापाशी थांबली. सिग्नल पुरा भरलेला मलाही दिसत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, 'बंद केलेलं दिसतंय कुणीतरी. आता नाही सापडायचं.'"

"अगं, वाचवलं की तिनं तुला."

"तेच तर सोसत नाही, ताई. आता मनानंही तीच मोठी ठरली."