वीणेला वेगळे पैसे

अहो, आमची आत्या तिरुवैयारूला वीणा शिकवते. निम्मे शिष्य परदेशात, त्यांची शिकवणी व्हिडिओ कॉलवर. परवा तिला तंजावूरला मोबाइलच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "अम्मा, नव्या प्लॅनमध्ये सिनेमे फुकट. व्हिडिओ कॉलला मात्र वेगळे पैसे."

आत्या म्हणाली, "नेट एकच ना? मग त्यावर मी सिनेमा बघीन नाहीतर वीणा शिकवीन, कंपनीला काय करायचंय? कालव्याचं पाणी भाताला फुकट आणि केळीला पैसे, असं असतं का?"

तो हसला. सगळ्याला एकच दर असलेला जुना प्लॅन त्याने काढून दिला आणि वर विचारतो कसा, "अम्मा, माझ्या मुलीला शिकवाल?"

"शिकवीन की! पण घरी पाठव तिला. समोरासमोर बसायचे पैसे अजून कुठली कंपनी घेत नाही."