अहो आई

शिरूरहून दौंडला निघालेल्या एसटीत आम्ही चौदा प्रवासी होतो. माझ्या पुढच्या सीटवर पन्नाशीतलं जोडपं होतं. बाईंनी नुकताच लेकीशी बोलून फोन ठेवला होता.

"आवं, सायली मला ‘अहो आई’ म्हणली."

"मग? सासरी जाऊन वळण लागलं."

"अहो आई सासूला म्हणत्यात. मला ती जल्मापासनं ‘अगं’ म्हणती. कुनीतरी शेजारी बसून ऐकत हाय."

"तू मला अहो म्हणतीस, तवा कोण ऐकत असतं?"

"चेष्टा करू नका. जीव ऱ्हाईना माझा."

"बरं, लाव परत. स्पीकरवर टाक."

"सायले, जेवलीस का गं?"

"हो आई. तुम्ही जेवलात?"

"आप्पा म्हणत्यात, दौंडला येऊन जाऊ का?"

"नको आई. सगळं छान आहे. तुम्ही येऊ नका."

फोन तिकडूनच बंद झाला.

"ऐकलं?"

"व्हय."

"मामा, न्हावरे आलं, उतरा," कंडक्टर म्हणाला.

"उतरत न्हाई. दौंडपतूर दोन तिकिटं द्या."

न्हावऱ्याला पाच जण चढले. उतरलं कोणी नाही.