रांग कुठं अडली

चहा पाजलाय म्हणून सांगतो, न्हाईतर तोच किस्सा किती वेळा उगाळायचा, राव?

भोसरीच्या शुगरच्या दवाखान्यात आमची उपाशीपोटी तपासणी असती. तिथं केसपेपर काढायला माझ्या साडूचा पोरगा सुऱ्या बसतो. एक दिवस भर रांगेत मला म्हणला, "काका, तुमी डॉक्टरीणबाईंशी भांडत बसता म्हणून रांग अडती. इथून पुढं तुमचा नंबर शेवटी."

शेवटी म्हंजे दुपार. तवर उपाशी राहिलो तर मला चक्कर येती. मी असा ओरडलो की बाई आतून बाहेर आल्या.

"भांडू नका. रांग कुठं अडते ते मोजूनच बघू," त्या म्हणल्या.

मग आठवडाभर प्रत्येक पेशंटच्या हातात चिठ्ठी. ज्या टेबलावर जाईल तिथं आल्या-गेल्याची वेळ लिवायची. शेवटी कुठल्या टेबलावर किती वेळ जातो त्याचा उभ्या पट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लागला. मला वाचता येत न्हाई धड, पण सगळ्यात उंच पट्टा लांबूनबी दिसत हुता.

"हा माझाच का?" मी विचारलं.

बाई हसल्या. "नाही बाबा. तुम्ही भांडता खूप, पण लवकर उरकता. हा केसपेपरचा पट्टा आहे."

सुऱ्या जुन्या पेशंटचाबी सगळा पत्ता दर वेळी नव्यानं टाइप करत हुता! बाईंनी ते बंद केलं. आता ऊन चढायच्या आत रांग मोकळी हुती, आन् बाया-माणसं मला नमस्कार घालत्यात.

बाईंनी माझी माफी मागितली, नर्सनं मागितली, दारावरच्या शिपायानंसुद्धा मागितली. राहिलाय तो एकटा सुऱ्या.